खालच्या ओळी

‘गौज,’ शिवराज म्हणाला, आणि समोर बसलेल्या युवराजसाहेबांचे ओठ एका बाजूला जरासे ओढले गेले. तेवढंच. त्याला कुणी हसणं म्हणणार नाही, दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण शिवराज गेली पंधरा वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघूनच जगत आला होता. ओठ कुठं फाकतात, कुठं मिटतात, जीभ दातांना कशी टेकते, गाल केव्हा आत जातात, यावरून त्याला बोललेलं कळायचं, आणि पुष्कळदा न बोललेलंही. म्हणून बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड ओतणाऱ्या त्या फौंड्रीच्या गार ऑफिसात, नोकरीच्या मुलाखतीला खुर्चीच्या कडेला बसल्याबसल्या त्याला एकदम कळलं, आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो. उत्तर चुकलं नव्हतं, याची त्याला खात्री होती. पुढ्यातल्या कागदावर पंपाच्या झाकणांची जाडी होती, आठवडाभर मोजलेली, ओळीनं लिहिलेली. दोन महिने झाले, माल परत येतोय, कारण सापडत नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. शिवराजनं पेन्सिलीनं ठिपके देत आलेख काढला आणि त्याला ते दिसलं, चादरीत एखादा धागा सैल पडलेला लांबून दिसावा तसं. सकाळी ओतलेले नगही दुपारी मोजले की पातळ भरत होते. नग तेच, भट्टी तीच. मग बदलतंय ते मोजणारं.

‘गौज बदललंय सर,’ तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. किती मोठ्यानं, ते त्याला नेमकं कधीच कळत नसे. ‘दुपारच्या पाळीचं गौज वेगळं हाय.’

‘काय वेगळं?’ युवराजसाहेब पुढं वाकले. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, दाढी कोरलेली, घरी मराठीच बोलत असणार. सुरुवातीचे प्रश्न त्यानं इंग्रजीत विचारले होते आणि त्यातला एकही शिवराजला कळला नव्हता. इंग्रजी वाचायला त्याला काही वाटत नसे, पण इंग्रजी बोलणारे ओठ त्यानं जन्मात कधी इतक्या जवळून बघितले नव्हते. मग पोरगा मराठीवर आला होता. शिवराजनं पेन्सिल उचलली आणि आलेखाच्या खाली एकेक अक्षर लिहिलं. जी, ए, यू, जी, ई.

‘गेज!’ साहेबांचं तोंड रुंद झालं. ‘अहो, गेज म्हणा की!’

गेज. तो शब्द कानावर आला नाही, ओठांवर दिसला. आणि तो दिसला मात्र, शिवराजच्या डोळ्यांपुढं वडगावातला भरमू फिटर उभा राहिला. खाकी शर्टाच्या वरच्या खिशातून पोलादी पात्यांचा काळा जुडगा काढणारा, घरचा यंत्रमाग बिघडला की अर्धा आत शिरून ‘गेज दे रं’ म्हणून मागं हात पसरणारा भरमू. सोळाव्या वर्षापासून शिवराजनं किती वेळा तो तेलकट जुडगा त्याच्या हातावर ठेवला असेल. आणि गेली पाच वर्षं तो रोज पहाटे मोबाईलच्या पडद्यावर जी-ए-यू-जी-ई वाचत होता, मनातल्या मनात गौज म्हणत होता, आणि परदेशातल्या काचेच्या खोल्यांत पांढरे कोट घातलेली माणसं वापरतात असं काहीतरी नाजूक, महागडं यंत्र त्याच्या मनात उभं राहत होतं. त्या यंत्राची माहिती त्याला पाठ होती. त्याच्या चुका कशा शोधायच्या, दोन माणसांनी एकच नग मोजला तर फरक किती पडतो, तो माणसाचा किती आणि यंत्राचा किती, सगळं तो करून दाखवू शकत होता. पण ते आणि भरमूच्या खिशातलं एकच, हे त्याला आज, एकोणचाळिसाव्या वर्षी, एका पोरसवदा इंजिनिअरच्या तोंडाकडे बघून कळत होतं. आणि मग दुसराच विचार मनात शिरला: हा एक शब्द असा निघाला, तर बाकीचे? पाच वर्षांत जमवलेले ते सगळे शेकडो शब्द त्यानं फक्त वाचले होते. एकही तोंडानं उच्चारला नव्हता, कुणी उच्चारलेला ऐकला नव्हता. एकेका शब्दाकडे तो मनात भीतभीत बघू लागला, तसा एकेक शब्द खोटा वाटू लागला.

युवराजसाहेब कागद घेऊन उठले. ‘बसा जरा, बघून येतो,’ म्हणाले आणि कारखान्यात गेले. शिवराज बसून राहिला. डाव्या कानात घातलेलं मशीन एसीची घरघर तेवढी मोठी करून देत होतं. ते मशीन तो एरवी डबीतच ठेवायचा. मागाच्या खोलीत ते घातलं की डोक्यात घण पडायचे. वडगावातल्या घरात पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, आणि मागच्या खोलीत माणसं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, दहावीनंतर त्याला मागावर उभं केलं तेव्हा तो वर्गात दुसरा होता. पण दुसरा असण्याचं पुढं काय करायचं असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत राहायचा, मिनिटाला शंभरावर वेळा, सकाळी सातपासून वीज जाईपर्यंत. त्या खोलीत कुणी कानानं बोलत नसे. हात, भुवया आणि ओठ यांवर सगळा कारभार. त्यामुळे कान कधी गेले ते त्याला कळलंच नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग मुलगी करिष्मा बाळ असताना तिचं पाळण्यातलं किरकिरणं, मग माणसांच्या बोलण्यातले स आणि श, फ आणि थ गळून गेले आणि बोलणं म्हणजे नुसता गोळा उरला. दवाखान्यात एका मुलीनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि शेवटी हातात एक कागद दिला. डावीकडून उजवीकडं उतरत, मग घसरत, मग कोसळत गेलेली एक रेघ. तिचा अर्थ तेव्हा कुणी सांगितला नाही. ‘मशीन घाला’ एवढंच डॉक्टर म्हणाले. पुढं कैक वर्षांनी आलेख म्हणजे काय हे शिकल्यावर त्यानं तो कागद कपाटातून शोधून काढला आणि एकटाच वाचला. आपल्याबद्दल कुणीतरी काढलेला तो पहिला आलेख होता. आडवी बाजू काय, उभी बाजू काय, रेघ कुठं मोडली, सगळं समजलं. समजल्याचा त्या दिवशी त्याला विलक्षण आनंद झाला होता, आणि आनंद कशाचा झाला हे आठवून मागाहून त्यानं तो कागद घडी घालून पुन्हा कपाटात टाकला होता.

शिकणं सुरू झालं ते लॉकडाऊनमध्ये. माग बंद. सूत येत नव्हतं, साड्या उचलायला कुणी येत नव्हतं. करिष्माची शाळा मोबाईलवर भरायची आणि ती कंटाळून फोन टाकून उठली की तो पडद्याकडं बघत बसायचा. एकदा तिनं काहीतरी दाबलं आणि शाळेऐवजी दुसराच कोणी मास्तर आला. टक्कल पडलेला, गोरा, फळा पुसायला डस्टर न घेता शर्टाची बाहीच वापरणारा. तो बोलत होता आणि पडद्याच्या खाली काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं उमटत होती. शिवराजला कळायला थोडा वेळ लागला. मास्तरचे ओठ हलतात तसतशी अक्षरं पुढं सरकतात. म्हणजे हा जे बोलतोय ते सगळं इथं येतंय. सगळं. कुणी तोंड फिरवत नाही, कुणी ‘जाऊ दे, काय न्हाय’ म्हणत नाही, कुणी चारचौघांत हसल्यावर त्याला मागाहून अर्ध्या वाक्यात विनोद समजावून देत नाही. इंग्रजी त्याला तेव्हा जेमतेम येत होती. पण समजण्याच्याही आधी तो त्या खालच्या ओळींच्या मागोमाग बोट सरकवू लागला. दहा वर्षांत पहिल्यांदा एक माणूस त्याच्याशी बोलत होता आणि त्याचा एकही शब्द सुटत नव्हता. मग तो तिथंच चिकटला. आधी इंग्रजीचा फुकट कोर्स, मग दहावीचं विसरलेलं गणित, मग संख्याशास्त्र, मग कारखान्यातल्या मालाची गुणवत्ता कशी राखतात त्याचे एकामागून एक तीन. माग पुन्हा सुरू झाले तरी तो पहाटे साडेचारला उठायचा, अडीच तास शिकायचा आणि सातला बटण दाबायचा. पहिल्याच धड्यात मास्तर म्हणाला होता, हे सगळ्यांसाठी आहे, तुम्ही जगात कुठंही असा, कुणीही असा. शिवराजनं ती ओळ तशीच थांबवून ठेवली होती. मास्तरचं तोंड उघडं आणि खाली ती अक्षरं. बायकोला, मंजुश्रीला, बोलावून दाखवली होती. ती बघत राहिली आणि म्हणाली, ‘आनि पैसं?’ ‘न्हाईत,’ तो म्हणाला. ‘मग त्येला काय मिळतंय?’ तिनं विचारलं. त्यानं थांबवलेला धडा पुढं सुरू केला होता.

त्या ओळीही चुकायच्या. त्या कुणी माणूस लिहीत नव्हता, यंत्र लिहायचं. मास्तर ‘सॅम्पल’ म्हणाला की यंत्र ‘सिंपल’ लिहायचं, आणि शिवराजनं तीन दिवस साध्या गोष्टींची सरासरी म्हणजे काय असेल यावर डोकं फोडलं होतं. शेवटी कोर्सच्या चर्चेच्या पानावर त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं. तासाभरात उत्तर आलं. चार ओळी, स्वच्छ, उदाहरण देऊन. खाली नाव फक्त पी. डी. पुढं सहा महिने तो विचारायचा आणि पी. डी. उत्तर द्यायची, कधी तिला अडलं तर तो. एकदा तिनं उदाहरण दिलं ते तंबाखूच्या वखारीतल्या पोत्यांचं. त्यानं विचारलं, तुम्ही कुठं राहता? निपाणी, असं उत्तर आलं. मी बेळगाव, त्यानं लिहिलं. दोघं बेळगाव आणि निपाणीत बसून दूरदेशीच्या मास्तरच्या पानावर इंग्रजीत बोलत होती! पुढचं उत्तर मराठीत आलं. तिचं नाव प्रियदर्शनी, ती एका शाळेत गणित शिकवायची, पटसंख्या घटली म्हणून घरी बसली होती. ‘अहो, आधी का नाही बोललात? हा माझा नंबर. फोन करा, दोन मिनिटांत समजावते, लिहीत कुठं बसायचं.’ तो नंबर शिवराजनं कितीदा बघितला. फोनवर त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तसं लिहायला हवं होतं. एक ओळ पुरली असती. पण त्या पानावर तो बहिरा नव्हता. अख्ख्या जगात ती एकच जागा होती, जिथं त्याला कुणी ओरडून बोलत नव्हतं, कीव करत नव्हतं. ती जागा त्याच्यानं मोडवेना. तिनं आणखी दोनदा लिहिलं, ‘फोन केला नाहीत?’ मग लिहिलं, ‘काही चुकलं असल्यास माफ करा.’ मग काहीच नाही. कोर्सची मुदत संपली आणि ते पान नुसतं वाचण्यापुरतं उरलं. तिथं नवीन काही लिहिता येत नाही, अशी सूचना वर आली. तो अजूनही कधीकधी ते उघडायचा. तिचं ते शेवटचं वाक्य तिथं तसंच होतं, आणि आता त्याच्याखाली उत्तर लिहिण्याची सोयच उरली नव्हती; नंबरावर मेसेज टाकायचा तर आधी बहिरेपण सांगावं लागलं असतं.

दार उघडलं आणि युवराजसाहेब आत आले. त्यांच्या दोन्ही हातांत दोन गेज होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. त्यांच्या मागून मॅनेजर. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, कानडी माणूस. त्यानं आल्याआल्या शिवराजच्या पाठीवर थाप मारली. दुपारच्या पाळीतला गेज खरोखरच झिजला होता. दोन महिने त्यांनी भट्टी तपासली, वाळू बदलली, साचे बदलले, आणि चूक निघाली हातातल्या मोजमापात. मॅनेजर कानडीत भराभर बोलत होता आणि त्याचे ओठ शिवराजला छान वाचता येत होते. शाबास. कुठं शिकलात? चहा आला. शिवराजनं प्लास्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्रं काढली, सहा होती, रंगीत झेरॉक्स करून आणलेली. कप बशीवर वाजत असणार, असं त्याला वाटलं. वाजतोय की नाही ते कळत नव्हतं, म्हणून त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.

मॅनेजर एकेक प्रमाणपत्र बघत होता. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. शिवराजनं ती वाचली होती, अनेकदा वाचली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्यावरून नजर पुढं ढकलली होती. मॅनेजरचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. हा अभ्यासक्रम पुरा केल्यानं विद्यापीठाची कोणतीही पदवी, श्रेय किंवा विद्यार्थी म्हणून मान्यता मिळत नाही.

‘डिप्लोमा?’ मॅनेजरनं विचारलं.

‘न्हाय साहेब. दहावी.’

मॅनेजर आणि युवराजसाहेब एकमेकांकडं बघून काहीतरी बोलले. तोंडं आडवी होती, त्याला अर्धंच दिसलं. मग मॅनेजरचं लक्ष त्याच्या डाव्या कानाकडं गेलं. त्यानं स्वतःच्या कानाला बोट लावून विचारलं. शिवराजनं सांगितलं.

‘वर क्रेन चालते. वितळलेलं लोखंड घेऊन जाते. तिचा भोंगा ऐकू येतो का तुम्हाला?’

‘दिसतंय साहेब,’ शिवराज म्हणाला. ‘मी सारखं वर बगत असतो. मागावर तेवीस वर्सं काढली, एक दिस हात गावला न्हाय माजा.’

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो खुर्ची जवळ ओढून बसला आणि शिवराजला दिसेल असं, सावकाश बोलला. गिऱ्हाईक कंपन्यांची माणसं तपासणीला येतात, ती आधी मोजणाऱ्याचा डिप्लोमा मागतात. हे कागद दाखवले तर ती आमच्यावर शेरा मारतील. तुम्हाला येतं, ते आज आम्ही बघितलं, युवराजला आलं नाही ते तुम्हाला आलं. पण येतं हे दाखवायला काही कागद लागतो, आणि तो हा नव्हे. हेल्पर म्हणून तरी घेतलं असतं, पण कान असे असताना भट्टीजवळ पाठवणं माझ्या अंगावर येईल. ‘तुम्ही शिकलात हे फार चांगलं केलंत,’ शेवटी तो म्हणाला. ‘सोडू नका.’

शिवराजनं मान हलवली. ती हलवताना त्याच्या मनात काही नव्हतं. नुसतं समोरच्याचं बोलणं संपलंय हे ओळखून हलवायची ती मान होती, बहिऱ्या माणसाची. मग त्याला टेबलावरचा आलेख दिसला. त्याच्या ठिपक्यांचा, पेन्सिलीचा, खाली लिहिलेल्या पाच अक्षरांचा. तो कागद घ्यावा असं त्याला वाटलं.

‘ह्यो मी न्हेऊ?’

युवराजसाहेबांनी कागद उचलून फाईलला लावलाही होता. ‘तो लागेल आम्हाला,’ ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर चुकवली. ‘रिपोर्टला जोडावा लागतो.’

बाहेर ऊन रणरणत होतं. त्यानं कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि उद्यमबागेचा रस्ता एकदम निःशब्द झाला. ट्रक अंगावरून वाऱ्यासारखे जात होते, नुसते धक्के देत. रेल्वेच्या तिसऱ्या गेटापाशी फाटक पडलं होतं. तो दुचाक्यांच्या गर्दीत पायीच उभा राहिला. घरी काय सांगायचं हा प्रश्न आता त्याच्यापुढं आला, आणि तो आल्यावर कळलं की इतका वेळ आपण त्यालाच लांब ठेवत होतो. फौंड्रीतून फोन आला होता तो मंजुश्रीनं घेतला होता. शिवराजचे सगळे फोन तीच घ्यायची. पलीकडची बाई इंग्रजी-कानडी मिसळून बोलली, त्यात ‘सिलेक्ट’ असं काहीतरी आलं. मंजुश्रीनं फोन ठेवला आणि सोप्यात येऊन मागाचं बटणच बंद केलं. ‘तुमचं झालं! भेटायला बोलीवलंय नुस्तं.’ भेटायला बोलावलंय म्हणजे झालं नसतं, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. पण दोघांनीही ते म्हटलं नाही. गेल्या दिवाळीपासून साड्यांचं काम निम्म्यावर आलं होतं. सुरतेचा माल येतो, तुमची साडी कोण घेणार, असं व्यापारी तोंडावर सांगत होता. दोन्ही माग काढून टाकायचे असं वर्षभर नुसतं बोलणं चाललं होतं. त्या फोननंतर ते बोलणं एका आठवड्यात ठरलं. भंगारवाला येऊन बघून गेला, सोमवारी नेतो म्हणाला. आणि आज, जेवणाआधी शर्टाला इस्त्री करताना मंजुश्री म्हणाली होती, ‘तेवडा सोपा मोकळा झाला की करिष्माला टेबल घालू अब्यासाला.’ रेल्वे जाऊ लागली. डबे डोळ्यांपुढून सरकत होते आणि पायांखालची जमीन थरथरत होती. शिवराजला वाटलं, टकल्या मास्तरला लिहावं. काय लिहावं? तुम्ही सांगितलंत ते सगळं बरोबर होतं. गेज झिजलेला निघाला. पण मास्तरला लिहिण्याची सोय कुठं होती. मास्तर त्याच्याशी पाच वर्षं बोलत होता आणि त्याला शिवराज नावाचा माणूस आहे हे माहीत नव्हतं. फाटक उठलं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला असावा, वाजवत राहिला असावा. शेवटी त्यानं चाकच पोटरीला टेकवलं, तेव्हा शिवराज बाजूला झाला.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला टेम्पो दिसला. आज शनिवार होता. तो क्षणभर दिवस मोजत उभा राहिला आणि मग भराभर चालू लागला. दारात आई, नागुबाई, पायरीवर बसली होती. सुताच्या कांड्या भरायचा तिचा रहाट तिनं मांडीपाशी ओढून घेतला होता, कुणी तोही नेईल म्हणून. आत सोप्यात दोन गडी घण घालत होते. मागाची ती ओतीव बिडाची जाडजूड बाजू, जिच्यावर आप्पांनी शेंदरानं ओम काढला होता, तिचे तीन तुकडे झाले होते. एक माग पुरता गेला होता, दुसऱ्याची नुसती कमान उभी होती. प्रत्येक घावासरशी शिवराजच्या तळपायांना झिणझिण्या येत होत्या. आवाज असा नव्हताच. भंगारवाला त्याला बघून हसला. ‘अण्णा, सोमवारी आमाला दुसरीकडं जायाचं हाय, म्हनून आजच आलतो. वयनी न्या म्हनाल्या.’

‘कुठं जातंय ह्ये?’ शिवराजनं विचारलं.

‘उद्यमबागंत की. फौंड्रीवालं घेत्यात. वितळीवत्यात.’

मंजुश्री मागच्या खोलीतून आली. तिनं ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती, त्यानंच विणलेली, आणि डोक्यावरून पदर घेऊन धुळीपासून तोंड झाकलं होतं. त्याला बघताच तिनं पदर खाली ओढला. तिचा चेहरा इतका उजळलेला होता की त्याला त्याच्याकडं बघवेना. शेजारच्या यशोदाबाईंनी ‘पेडं कवा?’ म्हणून विचारलं, गल्लीत समद्यांस्नी कळलंय, असं काहीबाही ती सांगत होती. मग तिनं विचारलं, ‘कवापासनं जायाचं?’

‘न्हाय झालं,’ तो म्हणाला.

ती तशीच हसत राहिली. घणाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नव्हतं. आता तिलाच ऐकू येत नव्हतं. त्याला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. किती मोठ्यानं ते त्याला कळलं नाही, पण दोन्ही गडी घण खाली टेकवून त्याच्याकडं बघू लागले आणि पायरीवरची नागुबाई मान वळवून बघू लागली. ‘न्हाय झालं, मंजू. डिप्लोमा पायजे म्हनाले.’

भंगारवाल्यानं एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. ‘मग ह्ये ठिवू का, वयनी?’ त्यानं उभ्या कमानीकडं बोट केलं. एक बाजू मोडलेली, धोट्याची पेटी काढलेली, ताण्याच्या सुताचा बीम उतरवून भिंतीला टेकवलेला. ते ठेवून काय होणार, हे त्यालाही दिसत होतंच. विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

मंजुश्रीनं मान हलवली. न्या. गड्यांनी घण उचलले. ती वाकली, जमिनीवर सांडलेल्या कांड्या एकेक करून पदरात गोळा करू लागली. निळ्या, डाळिंबी, जरीच्या. शिवराज तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला आणि तोही कांड्या वेचू लागला. तेवढ्यात त्याला जाणवलं की ती काहीतरी बोलतेय. तिचा चेहरा भिंतीकडं होता. तिच्या जबड्याची कड हलत होती, कानामागची शीर ताठ झाली होती, श्वासानं खांदे वरखाली होत होते. ती बराच वेळ बोलली, एकदा थांबली, पुन्हा बोलली. लग्न झाल्यापासून मंजुश्री त्याच्याशी कधी पाठमोरी बोलली नव्हती. स्वयंपाक करताना, भांडताना, करिष्माच्या वेळी कळा येत असतानासुद्धा तोंड त्याच्याकडं करूनच बोलली होती.

त्यानं तिच्या खांद्याला हात लावला. ‘काय म्हनालीस?’

ती वळली. डोळे कोरडे होते. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, आणि एकेक शब्द सुटा करून, त्याला वाचता येईल असा, सावकाश म्हणाली, ‘काय न्हाय. चा ठिवू?’